‘गंज’ची पहिली पाळी

४ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

फोन नंबर बदललास, पण पत्ता तोच ठेवलास. याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावलाय, म्हणून हे पत्र. पाकिटात एक पेन ड्राइव्ह आहे, तो आधी बाजूला ठेव. पत्र वाचून झाल्याशिवाय ऐकायचा नाही. तू ऐकशीलच, पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी तू. तरी सांगायचं काम मी केलं.

बातमी अशी की आमचा बँड रेकॉर्ड काढतोय. बँडचं नाव ‘गंज’. तू गेलीस तेव्हा बँड म्हणजे मी आणि माझा हट्ट एवढंच होतं, आता आम्ही तिघं आहोत. गिटारवर वेल्डर. तो खरंच वेल्डर आहे, खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी जिने बनवतो. ड्रमवर मुका. तो मुका नाही, पण बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. कानाच्या मशिनींच्या दुकानात कामाला आहे. आठवडाभर लोकांचे कान दुरुस्त करतो आणि रविवारी आमच्यात येऊन बिघडवतो. मी गाते, म्हणजे गळा काढते, आणि कारखान्यातले आवाज टिपून गाण्यांत बसवते. नोकरी तीच, आईच्या लाइनवर शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायची. त्यामुळे आवाजांना तोटा नाही. ओव्हरलॉक, काजाचं मशीन, वाफेची इस्त्री. इस्त्रीचा तो फुस्स आवाज हजारदा ऐकला असशील, पण गिटारखाली घातला की अंगावर काटा येतो.

आईने विचारलं, हे कसलं संगीत. मी म्हटलं, इंडस्ट्रियल मेटल म्हणतात, कारखान्यातले आवाज आणि त्यावर गिटार. ती म्हणाली, “कारखान्यात दिवसभर तेच ऐकते. सुट्टीच्या दिवशी पुन्हा कशाला ऐकू?”

खरा वाद नावावरून झाला. रेकॉर्डचं नाव आम्ही ‘पहिली पाळी’ ठेवलंय. सातही गाणी सकाळच्या पाळीतली आहेत, भोंगा होतो तिथपासून सुट्टीपर्यंत. आईने नाव ऐकलं आणि हातातली सुई खाली ठेवली.

“नावात पाळी, आणि गाणारी मुलगी. लोक काय समजतील ते कळतंय का तुला?”

“समजू दे. त्या अर्थानेही बाया आपल्याच लाइनवरच्या आहेत.”

“निदान ‘सकाळची पाळी’ म्हणा.”

वेल्डर मध्येच म्हणाला, “का? पहिलीला काय झालं?” मी आणि आई, दोघीही त्याच्याकडे बघत राहिलो. त्याला दोन आठवड्यांनी कळलं, तेही मुक्याने कागदावर लिहून दिलं तेव्हा. त्यानंतर तो आईच्या नजरेला नजर देत नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी मालकांनी कारखाना रेकॉर्डिंगला दिला. अट एकच, आई किल्ली घेऊन येणार आणि शेवटपर्यंत तिथे बसणार. ती आली, कटिंग टेबलाजवळ खुर्ची टाकून बसली आणि कानात कापूस घातला. जमिनीवर दुसऱ्या दिवसाचं पांढरं कापड अंथरून ठेवलेलं होतं. आम्ही चौथं गाणं वाजवत होतो. माइक सगळे चालू. वेल्डर गिटारच्या नादात डोळे मिटून मागे मागे सरकत गेला आणि बुटांसकट त्या कापडावर.

“पाऽऽय काढ!”

ताई, तुला माहीत आहे ती आरोळी. चाळीस मशिनी चालू असताना दाराबाहेरच्या शिपायाला ऐकू जाते ती. पण ती नीट रेकॉर्ड झालेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. आम्ही तिघं हेडफोन लावून ती पुन्हा पुन्हा ऐकत बसलो. मी गेली तीन वर्षं ज्या आवाजासाठी घसा खरवडतेय, तो आवाज आमच्या घरात आहे आणि सकाळी मला उठवायला वापरला जातो. मुका म्हणाला, “हेच.” त्याचं हे लांबलचक भाषण समज.

आम्ही त्यावर नवीन गाणं बांधलं. सातवं. नाव ‘पाय काढ’. आईला अजून माहीत नाही.

पण तुला सांगितल्याशिवाय मला ते बाहेर काढता येत नाही. याच आवाजात ती तुला सगळ्या लाइनसमोर बोलली होती. त्या उलट्या बाह्यांवरून. एका गठ्ठ्याच्या डाव्या बाह्या उजवीकडे गेल्या, एवढंच झालं होतं. ‘तुझ्या हातून एक काम धड होत नाही, तू कुठेच टिकणार नाहीस,’ असं ती म्हणाली, तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि काढता पाय घेतलास. तेव्हापासून ती तुझं नाव काढत नाही आणि तू तिचं. आता तू स्टेशनवर बसून अख्ख्या गावाला मऊ आवाजात सांगतेस की गाडी उशिरा येणार आहे, आणि लोक रागावत नाहीत. मला ते फार आवडतं.

तर ते गाणं ऐक, किंवा ऐकू नकोस. नको म्हणालीस तर मी काढून टाकीन. वेल्डर रडेल, पण त्याची समजूत मी घालीन.

तुझी,
धाकटी

ता. क. वेल्डर काल आपल्या घरचं फाटक दुरुस्त करायला आला होता. आपल्या घराला फाटक नाही हे मला माहीत आहे. उगाच अर्थ काढू नकोस.


२१ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघायला मिळालं, आणि त्यात ‘प्रिय’सुद्धा नाही. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. ‘गाणं ऐकलं. “काढ”वर तिचा आवाज दोन ठिकाणी फुटतो. दमल्यावर फुटतो तसा नाही. इथे सूचना देणाऱ्या आमच्यातल्या दोघींना असं झालं होतं. घशाच्या डॉक्टरला लगेच दाखव.’ बस्स. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही, सही नाही.

मी पुन्हा ऐकलं. आधी आम्हाला वाटत होतं की तो फुटलेला आवाज म्हणजेच गाण्याचा जीव. मुक्याने दुकानातल्या यंत्रावर लावून बघितलं आणि तू म्हणतेस तेच, अशी मान हलवली. आई गेले काही महिने खाकरते, सकाळी तिचा आवाज यायला वेळ लागतो, हे मला दिसत होतं. पण घरात एकीचा घसा कायम बसलेला असतो आणि ती मी, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

आता आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मी म्हटलं, माझा घसा दाखवायचाय, तू सोबत चल. ती लगेच तयार झाली, कारण तिला डॉक्टरांच्या तोंडून मला बोलणी ऐकवायची होती. आत गेल्या गेल्या तिनेच सुरू केलं. “डॉक्टर, हिला सांगा जरा. बाईच्या जातीने एवढं किंचाळायचं म्हणजे काय?” डॉक्टर बाईच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, “तुम्ही बसा बघू या खुर्चीत.”

“माझं काही नाही.”

“बसा तरी. तोंड उघडा.”

आणि ताई, ती बसली. मी डॉक्टर व्हायला हवं होतं.

थोडी सूज आहे. काळजीचं काही नाही. गोळ्या दिल्यात आणि कमी बोलायला सांगितलंय. कमी बोलण्याचा भाग अर्थातच सोडून दे.

पण एक घोटाळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं. मला पटकन खोटं सुचलं नाही. रेकॉर्डिंग ऐकून, म्हटलं. आई म्हणाली, कसलं रेकॉर्डिंग? मग तिथेच सगळं बाहेर आलं. सातवं गाणं, पेन ड्राइव्ह, तुझं कार्ड. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवताना एकच वाक्य म्हणाली, “माझा आवाज काढून टाक त्यातून.”

मी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आवाजात ते करून बघितलं. सबंध दुपार ‘पाय काढ, पाय काढ’ करत होते. शेजारची म्हातारी दाराशी येऊन चपला काढून उभी राहिली.

कार्डाबद्दल तिने काही विचारलं नाही. पण मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं होतं, ते आज सरळ करून ठेवलेलं दिसलं.

धाकटी


१० मार्च, रविवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी सूज लिहिलं. सूज नाही, गाठ आहे. स्वरतंतूवर. मला तेव्हाच माहीत होतं, पण कागदावर लिहवेना. तू तिकडे सूचना देता देता मध्येच थांबशील आणि लोकांच्या गाड्या चुकतील असं काहीतरी डोक्यात आलं. रागावू नकोस. रागावलीस तर लिहून कळव, निदान चार ओळी जास्त मिळतील.

डॉक्टर म्हणाल्या, गाठ साधी वाटतेय, पण काढून तपासायला हवी. अजून वर्षभर अशीच ओरडत राहिली असती तर आवाज कायमचा गेला असता. आता राहील, पण पहिल्यासारखा नसेल. मोठ्याने ओरडणं संपलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग लाइन कशी चालवायची?” डॉक्टरांनी शिट्टी वापरा म्हणून सांगितलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्या कागदात डोकं घालून लिहायला लागल्या.

पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया आहे. तिची तयारी चाललीय, म्हणजे ती लाइनवरच्या एकेकीला बोलावून आधीच सगळं सुनावून घेतेय.

पण आज तुला लिहितेय ते वेगळ्यासाठी. काल ती आपणहून म्हणाली, “मला ते गाणं ऐकायचंय.” घरी नको म्हणाली. मग मी तिला मुक्याच्या दुकानात नेलं. तिथे कानाची तपासणी करायची एक छोटी काचेची खोली आहे, बाहेरचा काहीच आवाज आत येत नाही. मुक्याने तिला खुर्चीवर बसवलं, हेडफोन घातले, आवाज बेताचा ठेवला. मी काचेबाहेर उभी. गाणं सुरू झालं तेव्हा तिने चेहरा आंबट केला. आरोळीची जागा आली आणि तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. संपल्यावर बोटाने खूण केली, पुन्हा. मुक्याने पुन्हा लावलं.

बाहेर आली आणि मला म्हणाली, “मी अशी ओरडते?”

“हो.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

तिने समोरच्या भिंतीवरचं कानाचं तिरकं चित्र सरळ केलं. मग म्हणाली, “थोरलीवर अशीच ओरडले होते?”

ताई, मी सावरून घेऊ शकले असते. नाही घेतलं. म्हटलं, “याच्याहून जास्त.”

मुका हळूच आतल्या खोलीत निघून गेला. आईने पर्स उघडली, बंद केली. मला वाटलं आता म्हणेल, पुसून टाका, एकही तुकडा राहता कामा नये. ती म्हणाली, “राहू दे गाण्यात. काढून टाकलं म्हणून ओरडलेच नव्हते असं थोडंच होणार आहे.”

मग उठली, आणि दारातून परत फिरून मुक्याला म्हणाली, “गिटार फार मोठी आहे. माझं नीट ऐकू येत नाही.”

तर गाणं राहिलं. तुझं उत्तर अजून आलेलं नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, थोरली नको म्हणाली तर काढायचं. तिचा शब्द शेवटचा. हे वाक्य आपल्या आईचं आहे, मी रचलेलं नाही. लवकर कळव.

नाव ‘पहिली पाळी’च राहिलंय. तिने पुन्हा विषय काढला नाही. फक्त वेल्डर आला की ती आता मुद्दाम ते नाव मोठ्याने घेते आणि त्याची मजा बघते.

धाकटी


१४ एप्रिल, रविवार

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. ‘ठेवा.’ दोन अक्षरं. मुक्याने ते कार्ड मागून घेतलं आणि दुकानात लावलंय. त्याला तुझ्यात कोणीतरी आपलं माणूस सापडलंय.

बुधवारी शस्त्रक्रिया झाली, नीट झाली. काल तपासणीचा निकाल आला. गाठ साधीच होती, घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य लिहिण्यासाठी मी मुद्दाम नवीन पेन घेतलं.

आता तिने अजिबात बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने म्हणे जास्त ताण पडतो. पंधरा दिवस. घर इतकं शांत आहे की नळ गळतोय हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. ती काळ्या कापडाच्या तुकड्यांवर शिंप्याच्या खडूने लिहून बोलते. सकाळी मी उठते तेव्हा उशीशेजारी एक चिंधी असते, ‘ऊठ.’ तिच्याशी भांडताही येत नाही. मी बोलत राहते, ती शांतपणे खडूला टोक काढते आणि मग एकच शब्द लिहून माझा निकाल लावते.

घरी बसून करायचं काय, म्हणून तिने आमच्या सीड्यांची पाकिटं शिवायला घेतली. कारखान्यातल्या उरलेल्या कापडाची, प्रत्येक वेगळं, वर काळ्या दोऱ्याने ‘गंज’. लाइनवरच्या बाया संध्याकाळी येऊन हात लावतात. मीही शिवली. माझी सगळी परत आली, सोबत चिंधी: ‘टाका वाकडा.’ मी म्हटलं, बँडचं नाव गंज आहे, थोडं वाकडं चालतं. तिने ‘वाकडा’खाली आणखी एक रेघ ओढली. वेल्डरची पाकिटं मात्र पास झाली. त्याचा टाका सरळ आहे, जोडकाम करणारा माणूस ना. तो हल्ली रोज येतो. पाकिटांचं काम आहे.

येत्या रविवारी, एकवीसला, दुपारी चार वाजता, कारखान्याच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये आमचा पहिला कार्यक्रम. त्याच वेळी रेकॉर्ड बाहेर येईल. मालकांनी हॉल दिलाय. त्यांना वाटतंय की गोड गाण्यांचा कार्यक्रम आहे. मी तसं म्हटलेलं नाही. ते ‘छान छान’ म्हणाले आणि मी गप्प बसले, एवढंच.

तू ये, असं मी म्हणणार नव्हते. पण ही वेळ पुन्हा येणार नाही ताई. तुला जे काय बोलायचं असेल ते बोलायला ये. तिला उलट बोलायची परवानगी नाही. डॉक्टरांनी लेखी दिलंय.

धाकटी


२८ एप्रिल, रविवार

प्रिय ताई,

गाडी वेळेवर पोचली का? तू स्टेशनावर काम करतेस आणि येताना तुझीच गाडी दोन तास उशिरा, हे मी लाइनवर सगळ्यांना सांगितलंय. तू आलीस तेव्हा सहा गाणी होऊन गेली होती, त्यामुळे तुझं बरंच हुकलं. ते आधी सांगते.

मालक पहिल्या रांगेत येऊन बसले, सोबत त्यांच्या आई. त्या नव्वदीच्या, कानाचं मशीन मुक्याच्याच दुकानातलं. त्यांना बघून मुक्याचा चेहरा पडला. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो ड्रमवरून उठला, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि अख्खं वाक्य बोलला. “आजी, हे बटण इकडे फिरवलं की बंद होतं.” आजींनी बंद केलं. पहिलं गाणं सुरू झालं तशी मालकांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली, आणि वाऱ्याच्या तोंडावर बसल्यासारखे मागे रेलले. आजी मात्र खुर्चीच्या हातावर ताल धरून बसल्या होत्या. मध्ये मालकांनी त्यांना खुणेने विचारलं, जायचं का? त्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा बोलल्या, “बस गप. पोटात वाजतंय, छान वाजतंय.” मग मालकांना बसावंच लागलं.

तिसऱ्या गाण्यात वेल्डरच्या गिटारची तार तुटली. त्याने ती दातांत धरून बाजूला केली आणि उरलेल्या पाचांवर वाजवत राहिला. बायांना ते फार आवडलं. मला विशेष काही वाटलं नाही.

सातव्या गाण्याच्या आधी लॅपटॉपने मान टाकली. आरोळी त्यातच होती. मला ते कळलंच नाही. मी त्या जागेपर्यंत गात आले, बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. वेल्डर आणि मुका थांबले. हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी बटण दाबतेच आहे. आई मागे पाकिटांच्या टेबलाशी उभी होती. मला दिसलं, तिने सवयीने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मग हात गळ्याशी नेला आणि तोंड मिटलं.

आणि तेवढ्यात काजाच्या मशीनवरची थोराड अंगाची बाई उठून उभी राहिली आणि ओरडली, “पाऽऽय काढ!” तिच्यामागून ओव्हरलॉकवाल्या. मग अख्खी लाइन. इतकी वर्षं रोज ऐकलेलं, कोणालाच शिकवावं लागलं नाही. तोच हेल, तेच खेचणं. भिंतीवरचं घड्याळ हललं. मुक्याने त्या आवाजावरच ड्रम धरला आणि गाणं तिथून असं काही सुटलं की आमच्या रेकॉर्डवरचं त्याच्यापुढे फिकं वाटतंय.

तू तेव्हा दाराशी होतीस. हातात पिशवी, केस विस्कटलेले. मी स्टेजवरून बघितलं ताई, तूही ओरडलीस. नाही म्हणू नकोस. दुसऱ्यांदा आलं तेव्हा तर डोळे मिटून ओरडलीस. आणि आई तुझ्याकडेच बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतेय. मग दिसलं, ती हसतेय, आवाज न करता, आणि ओठ दाबून धरलेत की चुकून आवाज बाहेर पडू नये. मग मात्र थोडी रडलीसुद्धा असेल. स्टेजवर उजेड माझ्या डोळ्यांवर होता.

त्यापुढचं तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिच्या खोलीत गेलीस आणि दार लावून घेतलंस. मी आणि वेल्डर बाहेर नळ दुरुस्त करत होतो. खरंच करत होतो. आतून फक्त तुझा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. कधी चढत होता, कधी अगदी खाली जात होता, पण स्टेशनवरचा नव्हता. मध्ये एकदा खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा वेल्डरने पाना खाली ठेवला. मग पुन्हा तू सुरू झालीस. बाहेर आलीस तेव्हा तुझं नाक लाल होतं, आणि तू म्हणालीस की तिने एकही चिंधी लिहिली नाही. खडू समोर होता, तरी घेतला नाही. दोन दिवस राहून तू परत गेलीस तेव्हाही तिच्याकडून काहीच उत्तर आलेलं नव्हतं, आणि गाडीत बसताना तू मला विचारलंस, “तिला पोचलं असेल का गं काही?” तेवढ्यात गाडी सुटली.

म्हणून आज लिहितेय.

पंधरा दिवस गुरुवारीच संपले, पण दवाखान्यात काल बोलावलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आता थोडं बोला. अगदी थोडं, दिवसभरात मोजकी वाक्यं, तीही सावकाश. दवाखान्यात त्यांनी ‘आ’ म्हणायला लावलं. आवाज निघाला, बारीक, जरा खरखरीत, एखाद्या लाजाळू पोरीसारखा. आई स्वतःच दचकली आणि तिने मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं की काय.

घरी येईपर्यंत गप्प. बाया दारात जमल्या होत्या, बाई पहिलं काय बोलतात ते ऐकायला. मालकांचा फोन येऊन गेला. तिने सगळ्यांना हाताने बसवलं, चहा पाजला आणि एक शब्द न बोलता वाटेला लावलं. दुपारी वेल्डर आला, पाकिटांचा पुढचा गठ्ठा घ्यायला. पहिली सगळी संपलीत, रेकॉर्ड चांगली चाललीय. एका माणसाने लिहिलंय की सातव्या गाण्यातल्या गायिकेचा आवाज जगावेगळा आहे, तिने पुढेही गावं. आईला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. तर, वेल्डर गठ्ठा उचलून निघाला, आणि मागून तो बारीक आवाज आला.

“जेवून जा.”

तो जागच्या जागी उभा राहिला. गठ्ठा त्याच्या हातातच. आता याचा अर्थ काय ते तुला कळलंच असेल, कारण तू इथे असताना दोन दिवस माझ्याकडे बघून हसत होतीस. ठीक आहे. फाटकाचं काम नव्हतं.

तो जेवून गेला. मी भांडी आवरत होते. आई ओट्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, म्हणजे माझं लक्ष तिच्याकडे जावं. मग सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाली,

“थोरलीला लिही. मी सगळं ऐकलं.”

मी थांबले. वाटलं आणखी काही येईल. तिने ताट पुसलं, जागेवर ठेवलं आणि झोपायला गेली.

तू तिला काय सांगितलंस ते मी विचारणार नाही. तिने निरोप दिला, तो पोचवला.

तुझी,
धाकटी